एक बीडकर साहेब, विमानाने नाही, मनमाडहून रेल्वेने गेले होते

मागच्या पोस्टखाली ‘एक बीडकर’ या नावाने भली मोठी प्रतिक्रिया आलीय. नेपाळात तानसेनजवळ माझी मैत्रीण मिडवाइफ आहे, तिच्या मदतीला जाऊन एका मिशनरी कुटुंबातलं बाळंतपण केलं, ती पोस्ट. यांचं म्हणणं असं की हा धर्मांतराला हातभार आहे, डॉलर मिळाले असतील, नर्स असून घरच्या बाळंतपणाची जाहिरात करता वगैरे. अन् त्यात हे एक वाक्य, जसंच्या तसं देते: “आमच्या बाया उसाच्या फडात बाळंत होतात अन् ह्या बाई विमानाने परदेशात जाऊन मिशनऱ्यांची बाळंतपणं करत फिरतात.”

‘ह्या बाई’. माझ्याच पोस्टखाली, माझ्याशीच बोलताना, ‘ह्या बाई’! अहो मी समोरच बसलेय की. आमच्याकडं बांधावरून भांडायला आलेला माणूससुद्धा आधी “अहो सिस्टर” म्हणून हाक मारतो, मग भांडतो. तुम्ही तर स्वतःचं नावही लिहिलं नाही.

अन् ‘फिरतात’. मनमाडहून काशी एक्सप्रेस, स्लीपर, गोरखपूरपर्यंत, तिथून सोनौलीची बस, मग बॅग खांद्याला लावून बॉर्डरच्या कमानीखालून चालत पलीकडं, आपल्याला तिकडं व्हिसा लागत नाही, मग भैरहवा, बुटवल आणि पुढं तो डोंगरातला घाट, ज्यात निम्मी बस खिडकीतून तोंड बाहेर काढून बसली होती. याला फिरणं म्हणायचं असेल तर म्हणा. ‘परदेश’ हा शब्द मी हेडिंगमध्ये घातला तो जरा भाव खायलाच घातला होता, एवढं मान्य करते. नेपाळच तो, दुकानांच्या पाट्यासुद्धा वाचता येतात आपल्याला.

आता फड. तुम्ही फड बघितलाय का हो, रस्त्यावरून गाडीच्या काचेतून नाही, आत जाऊन? मी नोकरीला नवीन होते तेव्हा किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट. त्यानंतर पत्र्याच्या शेडमध्ये बाळंतपणं केलीत, वर पाऊस वाजायलाय अन् खाली कंदिलाच्या उजेडात नाळ बांधायलोय आम्ही. पुढं सगळी नोकरी उपकेंद्रांवर गेली. कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, वाकल्याशिवाय शिरता येत नाही, आत गुडघ्यावर बसूनच काम करावं लागतं. एका पोरीची वार पडेना, रक्त थांबेना, नवरा गाडीसाठी मुकादमाला फोन लावायलाय अन् मुकादम तिकडून विचारतोय खाडा किती दिवसांचा धरू म्हणून. १०८ ची ॲम्ब्युलन्स तेव्हा नव्हती, ती आपल्याकडं २०१४ ला आली. ती पोरगी वाचली ती माझ्याजवळ थर्मासात बर्फावर ऑक्सिटोसिन, रक्त थांबवायचं इंजेक्शन, होतं म्हणून. ते औषध २ ते ८ डिग्रीत ठेवावं लागतं, आपल्या उन्हात पिशवीत टाकून हिंडलं तर त्यातली ताकद जाते, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. पण मग ‘आमच्या बाया’ म्हणताना जरा जपून. २०१९ मध्ये ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण पेपरात आलं, नीलम गोऱ्हेंची समिती बसली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला बीडच्या बाया आठवल्या. तुम्हालाही तेव्हाच आठवल्या असतील. मी त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांच्या कोपीत जाऊन चहा प्यायलेली बाई आहे.

मग नेपाळला का गेले? मैत्रिणीनं बोलावलं म्हणून. ट्रेनिंगला आम्ही एका खोलीत राहिलो, तिची नेहमीची मदतनीस ऐनवेळी आजारी पडली, अन् बाळंतपणाला दोन बाया लागतात, एकीचं लक्ष आईकडं, दुसरीचं बाळाकडं. बाळ आलं की मिनिटभरात आईच्या मांडीत १० युनिट ऑक्सिटोसिन द्यायचं, त्याच वेळी बाळ कोरडं करायचं, श्वास घेत नसेल तर पहिल्याच मिनिटात अँबू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, लावायची, घेत असेल तर नाळ कापायची घाई न करता एक ते तीन मिनिटं थांबायचं, अन् हे चालू असताना खाली रक्त किती जायलंय तेही बघायचं. एकटीनं हे सगळं करायचं म्हणजे तुळजाभवानीसारखे आठ हात पाहिजेत. या गडबडीत घरात देव कोणता आहे ते बघायला सवड कुणाला असते? तुम्हाला असेल.

बाकीचे मुद्दे. धर्मांतर म्हणाल तर नेपाळात दुसऱ्याचं धर्मांतर करवणं गुन्हाच आहे, २०१५ च्या संविधानातच बंदी आहे, आणि २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद. त्या घरातला माणूस शाळेत गणित शिकवतो, मला तेवढंच दिसलं. अन् मिशन म्हटलं की अंगावर काटा येत असेल तर घरातल्या म्हाताऱ्यांना जालन्याच्या मिशन हॉस्पिटलबद्दल एकदा विचारून बघा. डॉलर? पाल्पाच्या ढाका कापडाची एक शाल मिळाली, सुनेनं घेतली ती. घरच्या बाळंतपणाचं म्हणाल तर दुसरी खेप, सगळ्या तपासण्या नॉर्मल, दारात गाडी, अन् तानसेनला १९५४ पासूनचं हॉस्पिटल. २००५ ला दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी सरकारची जननी सुरक्षा योजना आली तेव्हा “दवाखान्यात चला” म्हणत गावोगाव मीच हिंडले, ते मला शिकवू नका. विषय संपला.

आणि तुम्हाला बायांची खरंच एवढी काळजी असेल तर दसऱ्याच्या आसपास, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी, आम्ही रिटायर झालेल्या दोघी-तिघी गावातल्या गरोदर बायांचं बीपी अन् हिमोग्लोबिन बघतो, माता-बाल कार्ड पिशवीत टाकलंय का तेही बघतो, म्हणजे ज्या कारखान्यावर जातील तिथं दाखवता येतं. यायचं असेल तर मेल करा, स्वतःच्या नावानं. सकाळी लवकर निघतो आम्ही. अन् येताना हिमोग्लोबिनच्या पट्ट्या आणा, त्या दरवर्षी कमी पडतात.