फाळका उघडत नाही

पिकअपच्या हौद्यात पहिला ओरखडा पडला तेव्हा मी दिवसभर हळहळलो. दहावा पडल्यावर मोजणं सोडून दिलं. मग एकदा एका ओरखड्याच्या कडेला तांबूस भुकटी दिसली आणि घरात ठरलं, की हौद्याला लायनरचं कोटिंग, म्हणजे ओरखडे आणि गंज रोखणारा जाड थर, करून घ्यायचं. ‘करून घ्यायचं’ हे बायकोचं क्रियापद. माझं क्रियापद ‘करायचं’ एवढंच होतं. त्या मधल्या ‘घ्यायचं’मध्ये मजुरी येते ना!

तरी आधी एका कोटिंगवाल्याकडे जाऊन आलो. त्याच्याकडे पॉलियुरिया या रबरासारख्या चिवट प्लास्टिकचे दोन घटक दोन वेगळ्या नळ्यांतून तापून येतात, साठ-सत्तर अंशांपर्यंत. प्रचंड दाबाखाली ते फवारणीच्या गनमध्येच एकमेकांना भेटतात आणि काही सेकंदांत गोठतात. इतक्या झटपट जमलेली सोयरीक मी दुसरी पाहिलेली नाही. थर बसतो साधारण 3 मिलिमीटरचा. हे सगळं मी मान डोलावत ऐकलं. मग त्याने आकडा सांगितला आणि मान डोलायची थांबली. “विचार करून सांगतो,” म्हणालो. या वाक्याचा अर्थ त्याला माझ्याआधी कळला असावा.

घरी किट आलं. एक डबा, रोलर, हातमोजे, पॉलिश पेपर आणि एक माहितीपत्रक. डब्यावरच्या चित्रातला माणूस पांढराशुभ्र शर्ट घालून हसत रोलर फिरवत होता. तो शर्ट बघूनच मला शंका यायला हवी होती.

माहितीपत्रकात एक ओळ होती, ‘पृष्ठभाग स्वच्छ, कोरडा व खरखरीत करून घ्यावा.’ ही ओळ वाचायला तीन सेकंद लागतात आणि अमलात आणायला दोन दिवस. हौद्याचा तळ लांबून सपाट दिसतो. गुडघे टेकून आत बसलं की कळतं, त्याला पन्हळी असतात. प्रत्येक पन्हळीला दोन कडा, प्रत्येक कडेला 80 नंबरचा पेपर आणि प्रत्येक पेपरमागे माझी चार बोटं. गुळगुळीत रंगावर कोटिंगला पकड मिळत नाही, म्हणून चकाकी घालवायची. म्हणजे पाहा, ओरखडे पडू नयेत म्हणून कोटिंग, आणि कोटिंग बसावं म्हणून आपल्याच हाताने हौदाभर ओरखडे! दुसऱ्या दिवशी दुपारी बायको डोकावली. “अहो, एवढे ओरखडे तर सहा वर्षांत पडले नव्हते,” म्हणाली आणि निघून गेली. खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

चाकाच्या कमानीमागच्या कोपऱ्यात हात जाईना. तिथे कोण बघतंय, असं म्हणून मी पेपर नुसता दाखवल्यासारखा केला.

प्रत्यक्ष रंगवण्याचं काम मात्र तासाभराचं. रबराचे दाणे डब्याच्या बुडाशी बसलेले असतात. ते ढवळता ढवळता खांदा निखळायची वेळ येते. यातल्या आयसोसायनेट या रसायनाची वाफ छातीसाठी वाईट, त्यामुळे उघड्यावर, बाष्परोधक मास्क लावून काम. हे मात्र मी निमूट पाळलं. एका डब्यातलं हे कोटिंग हवेतली ओल शोषून घट्ट होतं. माझ्या आसपास तर घामामुळे पावसाळाच होता. ते कोपराला चिकटलं, चष्म्याला चिकटलं, बुटाला चिकटलं. कोपरावरचा ठिपका साबणाला दाद देईना, थिनरलाही नाही. तो आठवडाभराने, खालची कातडी आपणहून बदलली तेव्हा गेला.

दोन हात मारून झाले तरी थर जेमतेम 1 मिलिमीटर. पण दिसायला झकास! ते एकसंध दिसावं म्हणून मी फाळका, म्हणजे हौद्याची मागची उघडणारी बाजू, बंद ठेवूनच रोलर फिरवला होता आणि मास्किंग टेप निवांत दुसऱ्या दिवशी सकाळी काढायची ठरवली होती. ‘टेप ओल्यातच काढावी’ हे माहितीपत्रकाच्या मागच्या बाजूला होतं. माहितीपत्रकाला मागची बाजू असते, हे मला सकाळी कळलं.

सकाळी टेप निघेना. फाळकाही उघडेना. हौदा आणि फाळका यांच्यामधल्या फटीवरून कोटिंग पलीकडे गेलं होतं आणि दोघं कायमचे एक झाले होते. कोटिंग चिकटतं की नाही, ही शंका मात्र तेवढी फिटली.

शेवटी पुन्हा त्याच कोटिंगवाल्याच्या दारात. त्याने हौद्याभोवती एक फेरी मारली.

“साहेब, घरी केलंय?”

“हो. म्हणजे, मुलांनी हट्ट धरला…”

त्याने पातळ पात्याने फट कापत फाळका मोकळा केला. त्यांच्या टेपच्या कडेला बारीक तार असते. फवारणी झाल्याबरोबर ती खेचली, की कड सरळ कापली जाते. हे सांगताना त्याचा हात कमानीमागच्या त्या कोपऱ्याकडे गेला. त्याने नखाने थर उचलला आणि सापाने कात टाकावी तसा वीतभर तुकडा अलगद हातात आला. कोण बघतंय, याचं उत्तर मिळालं.

तसा तो माणूस भला. महिन्यातून एकदा कुंड्या नाहीतर कपाट न्यायचं असेल तर घरचं कोटिंग पुरतं, म्हणाला. रोज दगड किंवा लोखंड टाकणाऱ्याने मात्र हा हट्ट करू नये. उरलेल्या मालाने तो कोपरा पुन्हा करता येईल, असंही सुचवलं. उरलेला माल घरी डब्यात होता. झाकण नीट न लागल्याने त्याचा ठोकळा झाला होता आणि ढवळायची काठी त्यात झेंड्यासारखी उभी होती.

“मग तुमचंच करून टाका यावर,” मी उसनं अवसान आणून म्हणालो.

“करू की. पण आधी हे सगळं घासून काढावं लागेल. त्याची मजुरी वेगळी.”

त्याने आकडा सांगितला.

“विचार करून सांगतो,” मी म्हणालो.

त्याने मान वर न करता मागच्या फळीवर हात घातला आणि 80 नंबरच्या पेपरचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला.