पूर येतोय, नकाशा आहे ना?

सांगलीकरांनो, यंदा पाण्याला भ्यायचं कारण नाही. आता आपल्याकडे जीआयएस आहे, म्हणजे संगणकावर नकाशा आणि माहिती जोडणारी यंत्रणा. वापरायची रीत तेवढी शिकून घ्या.

ग्रुपवर आलेला पूरनकाशा मोठा करून बघू नका. स्क्रीनचा फोटो, त्याची पीडीएफ, तिचं फॉरवर्ड, असा थकून आलेला असतो बिचारा.

प्लॉट घेताना पुराची निळी रेषा, लाल रेषा विचारू नका. बिल्डरला वाईट वाटतं.

मदत मागायची झाली तर फोनवरून लोकेशन मुळीच पाठवू नका. परवा रात्री मी तो आगाऊपणा केला. मागच्या घरातल्या आजींना चालता येत नाही, गल्लीत पाणी शिरलेलं. मदतीच्या फोनवर पलीकडून उत्तर, "लोकेशन नको, पत्ता सांगा." सांगितला. "कर्नाळ रोड म्हणजे कर्नाळ गावात का?" नाही ओ, सांगलीत. "जवळची खूण?" मारुतीचं देऊळ. "कुठलं मारुतीचं?" आता सांगलीत हा प्रश्न विचारायचा असतो का? सेंटिनेल-1 उपग्रहाचं रडार सुमारे 700 किलोमीटरवरून, भर ढगातून, काळोख्या रात्रीही पाणी ओळखतं. आणि त्याच शहरात बसलेल्या माणसाला हातात आलेला पिन उघडता येत नाही! शेवटी गल्लीतल्या पोरांनीच आजींना खुर्चीसकट उचललं.

उपग्रहावरही फार विसंबू नका. त्याची फेरी काही दिवसांनी असते, पाणी तेवढं थांबत नाही.

आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पाण्याचे फूट मात्र पाठ ठेवा. 40 इशारा, 45 धोका. आपल्या उंबऱ्याला कितीला लागतं, ते शेजारच्या म्हातारीला विचारा. कार्यालयात विचारलंत तर "अफवांवर विश्वास ठेवू नका" असं सांगतात.

काय अवघड आहे ओ यात, कार्यालयातल्या साहेबांनो? 2005, 2019, 2021, तिन्ही पुरांच्या खुणा भिंतींवर आहेत. त्यांची उंची मोजा, रस्त्यांची मोजा, आयर्विनच्या फुटांशी जोडा आणि गल्लीवार तक्ता चौकाचौकात लावा. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं, ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. कुठल्या गावाचा रस्ता आधी तुटतो, तिथं किती बोटी लागतील, हे तेव्हाच नकाशावर मांडायला हवं होतं. अजून मांडत नाही तुम्ही. पावसाळ्यात म्हणता पाणी ओसरू दे, ओसरलं की विसरता. रंगीत स्लाइड दाखवून टाळ्या घेता, आणि टिळक चौकातल्या दुकानदाराला माल कधी उचलायचा ते सांगता येत नाही. लाज कशी वाटत नाही?