खुर्च्या मांडणाऱ्यांनाही बसायला सांगा

गेली २६ वर्षं मी नागपुरातल्या एका विद्यापीठात नोकरी करतेय. कनिष्ठ लिपिक म्हणून लागले, आज अधीक्षक आहे. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. शहरातल्या दुसऱ्या संस्थांमधल्या मैत्रिणींशी बोलले, तर त्यांचंही सांगणं हेच आहे.

आमच्याकडे वर्षातून एकदा आंतरराष्ट्रीय सांस्कृतिक मेळावा होतो. परदेशी विद्यार्थी, पाहुणे प्राध्यापक, स्टेजवर झेंडे, दीपप्रज्वलन, मग गाणी आणि नाच. परिपत्रकात लिहिलेलं असतं, "सर्व अधिकारी व कर्मचाऱ्यांनी कुटुंबासह उपस्थित राहावे." त्याच परिपत्रकाला दुसरी यादी जोडलेली असते, त्यात ड्यूट्या लागलेल्या असतात : आसनव्यवस्था, पाणी, पार्किंग, पुष्पगुच्छ.

मागे अशाच एका मेळाव्याला आमच्या विभागातल्या परिचर काकू सकाळी आठपासून खुर्च्या पुसत होत्या. कार्यक्रम सुरू झाल्यावर शेवटची रांग रिकामी दिसली म्हणून त्या बसल्या. संयोजकांपैकी एकाने येऊन सांगितलं, "काकू, इथे पाहुणे बसतील." काकू उठल्या. पाहुणे काही आले नाहीत. ती रांग शेवटपर्यंत रिकामी होती आणि काकू दोन तास दाराशी उभ्या होत्या. स्टेजवर तेव्हा 'वसुधैव कुटुंबकम्' या विषयावर भाषण चाललं होतं.

मी तेव्हा गप्प राहिले. ते मला अजून सलतं, म्हणून आज लिहितेय.

परदेशातून पोरगं किंवा पोरगी आमच्याकडे शिकायला येते, तेव्हा तिला सगळ्यात आधी कोण भेटतं? कुलगुरू नाही भेटत. गेटवरचा सुरक्षारक्षक भेटतो, वसतिगृहातली मावशी भेटते, आणि मग आमच्या खिडकीवर ती कागदांचा गठ्ठा घेऊन उभी राहते. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा विद्यार्थी व्हिसा असला तर इथे आल्यापासून १४ दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. त्यासाठी बोनाफाइड हवं, राहण्याचा पुरावा हवा, फोटो हवेत. आलेल्या माणसाला ना भाषा येते, ना रस्ते माहीत. त्या १४ दिवसांत तिच्यासोबत पळणारा माणूस तृतीय नाहीतर चतुर्थ श्रेणीतला असतो. बँकेत खातं उघडायला, सिमकार्ड घ्यायला, ताप आला तर दवाखान्यात न्यायला तोच जातो. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद १९५० पासून काम करते आहे, तिच्या शिष्यवृत्तीवर दर वर्षी कितीतरी देशांतली मुलं भारतात येतात. परिषद संबंध जोडते, पण नागपुरात ते टिकवायचं काम खिडकीवरच्या माणसांच्या वाट्याला येतं. आणि नेमकी ह्याच माणसांना मेळाव्यात बसायला जागा नसते.

आता मला एका शनिवारबद्दल सांगायचं आहे.

आमच्याकडे इथिओपियाची एक संशोधक होती, कृषी विषयात पीएच.डी. करायला आलेली. तिची आणि काकूंची ओळख डब्यावरून झाली. काकूंच्या लक्षात आलं, की ही पोरगी बुधवारी आणि शुक्रवारी दुपारपर्यंत काही खात नाही, आणि मग खाते तेही दही-दूध-तूप बाजूला सारून. काकूंनी सरळ विचारलं, "काहून वं पोरी, बुधवार-शुक्रवार उपास धरतं का?" तेव्हा कळलं, की इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोकांत हे दोन वार उपासाचे असतात. मांस नाही, अंडं नाही, दूधदुभतंही नाही. त्या वर्षीचा मेळावा शुक्रवारी होता आणि जेवणात पनीर, दही-भल्ले, रसमलाई असा बेत होता. ती पोरगी पोळी आणि सॅलड खाऊन उठली. संयोजकांनी आधी काकूंना विचारलं असतं, तर एक साधं वरण आणि तेलातली वांग्याची भाजी वाढवता आली असती. माहिती विद्यापीठात होतीच, ती पाणी वाटणाऱ्या बाईजवळ होती.

मग डिसेंबरातल्या एका शनिवारी आम्ही क्वार्टरच्या अंगणात जमलो. चार-पाच घरची माणसं, ती पोरगी, तिच्या देशाचे दोघं आणि एक अफगाण कुटुंब. विटा मांडून चूल केली. काकू लांब रोटी करणार होत्या. नागपूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगते : कणीक सैल भिजवायची, परातीत आपटून आपटून तिला तार आणायची, मग गोळा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि पेटत्या चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर अलगद टाकायचा. रुमालासारखी पातळ रोटी निघते. काकूंचा हात असा चालतो की बघणारा बोलायचं विसरतो.

ती पोरगी बघत राहिली. मग म्हणाली, आमच्याकडेही मातीच्याच तव्यावर करतात. तिने इंजेराचं, म्हणजे त्यांच्याकडच्या आंबवलेल्या धिरड्याचं, पीठ आणलं होतं. ते तिथे टेफ नावाच्या बारीक धान्याचं करतात. टेफ नागपुरात कुठून मिळणार? म्हणून तिने ज्वारीचं पीठ तीन दिवस आंबवलं होतं. काकूंनी डब्याचं झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "हे तं आंबील हाय!"

खरंच, महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला आम्ही जी ज्वारीची आंबील करतो, अगदी तोच आंबूस वास. मग त्या पोरीने सांगितलं, की ज्वारी मूळची तिच्याच मुलखातली आहे. ईशान्य आफ्रिकेत, सुदान-इथिओपियाच्या पट्ट्यात माणसांनी ती पहिल्यांदा लावली, आणि हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली. विदर्भाच्या कितीतरी पिढ्या ज्या भाकरीवर वाढल्या, ती भाकरी आफ्रिकेची पाहुणी आहे, हे मला वयाच्या पन्नाशीत चुलीपाशी बसून कळलं. २६ वर्षांत ऐकलेल्या एकाही भाषणातून कळलं नव्हतं.

मडकं उतरवून मातीचा तवा ठेवला. तिने बाहेरून आत गोल गोल पीठ ओतलं, वर झाकण घातलं. झाकण काढलं तर सगळीकडे जाळी पडलेली. आम्ही जाळी म्हणतो, त्यांच्या भाषेत त्या भोकांना डोळे म्हणतात. जितके डोळे जास्त, तितका इंजेरा चांगला. काकूंनी उलथणं पुढे केलं, तर ती म्हणाली, उलटायचं नाही, एकाच बाजूने भाजतात. काकूंना ते काही पटलं नाही. दुसरा इंजेरा त्यांनी उलटून बघितलाच, आणि मग मान्य केलं की डोळे दाबले जातात.

जेवणानंतर कॉफी झाली. कॉफी म्हणजे दोन मिनिटांत कपात ओतून मोकळं व्हायचं, असं तिथे नाही. हिरव्या बिया धुऊन तव्यावर काळ्या होईपर्यंत भाजल्या, तो धुराळणारा तवा प्रत्येकाच्या नाकापाशी फिरवला, मग बिया खलबत्त्यात कुटल्या आणि जेबेना नावाच्या लांब मानेच्या मातीच्या सुरईत कॉफी उकळली. सोबत मक्याच्या लाह्या. कॉफी तीनदा उकळायची आणि तीनदा प्यायची. पहिली अबोल, दुसरी तोना, तिसरी बरका. तिसरीत आशीर्वाद असतो म्हणतात, त्यामुळे तिच्या आधी उठून जायचं नाही. दीड तास गेला. त्या दीड तासात ती पोरगी तिच्या आईबद्दल बोलली, अफगाण ताई काबूलच्या घराबद्दल बोलली, आणि आमच्या स्टोअरचे दादा, जे ऑफिसात दिवसाला दहा शब्द बोलतात, ते आपल्या गावच्या कोरड्या पडलेल्या विहिरीबद्दल बोलले. हिंदीतच बोलले सगळे, आपल्या नागपुरी हिंदीत. व्याकरण कुणाचंच धड नव्हतं, आणि अडलंही कुणाचंच नाही.

इथिओपियाच्या वर्षात १३ महिने असतात, बारा ३० दिवसांचे आणि तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा, हेही तिथेच कळलं. काकू म्हणाल्या, "म्हंजे तुमच्याकडं दरवर्षीच धोंड्याचा महिना! जावयाची मजा हाय." हे तिला समजावून सांगता सांगता अनारशांपर्यंत गोष्ट गेली.

जाताना ती पोरगी मला म्हणाली, "मॅडम, दोन वर्षांत पहिल्यांदा मला कुणी नाचायला सांगितलं नाही."

हे वाक्य संयोजकांनी शांतपणे ऐकावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे. दर मेळाव्याला आपण परदेशी मुलांना पारंपरिक वेशात या म्हणतो, स्टेजवर चढवतो, टाळ्या वाजवतो. ती पोरगी मातीवर काम करते, ज्वारीच्या मुळांवर तिचा अभ्यास आहे. तिला दोन वर्षांत हे कुणी विचारलं नाही. हेतू वाईट नसतो, मला माहीत आहे. पण पाहुण्याला सारखं नाचवत ठेवलं की तो पाहुणाच राहतो, घरचा होत नाही.

माझी भाची जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. पहिल्या हिवाळ्यात ती रोज रात्री फोनवर रडायची. मग तिथल्या कर्मचाऱ्यांची महिन्यातून एकदा बैठक असते, तिथे कुणीतरी तिला नेलं. त्यांच्याकडे 'श्टामटिश' म्हणतात, म्हणजे नेहमीच्या मंडळींचं ठरलेलं टेबल. भाषण नाही, सूत्रसंचालन नाही. प्राध्यापक, तंत्रज्ञ, ऑफिसातल्या बायका, सगळे एकाच टेबलाला. तिला म्हणाले, पुढच्या वेळी तुमच्याकडचं काहीतरी करून आण. हिने सांबारवडी नेली. (आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो, हे तिने त्या लोकांनाही शिकवलं.) त्या महिन्यापासून तिचे रडण्याचे फोन थांबले. माझ्या बहिणीच्या जिवाला तेव्हा जो थंडावा मिळाला, तोच अदिस अबाबात आणि काबूलमध्ये बसलेल्या आयांना मिळावा, एवढंच मला वाटतं.

आणि हे नागपूरला जमणार नाही असं मला कुणी सांगू नये. १४ ऑक्टोबर १९५६ ला जिथे बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्या दीक्षाभूमीवर दरवर्षी लाखो माणसं येतात. त्यात जपानचे, थायलंडचे, श्रीलंकेचे भिक्खू आणि उपासक असतात. त्या दिवशी वस्त्यावस्त्यांतले लोक रस्त्याच्या कडेला मंडप टाकून भोजनदान करतात, आणि वाढणारा तुम्हाला देश विचारत नाही, "अजून घ्या" म्हणतो. कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बुद्ध मंदिर जपानी उपासकांच्या मदतीने १९९९ मध्ये उभं राहिलं. आणि आमचे तुकडोजी महाराज १९५५ साली विश्वधर्म परिषदेला जपानला गेले होते. खंजिरी हे त्यांचं वाद्य, गावातल्या कुठल्याही भजनी मंडळात असतं ते. मोठं काही घेऊन जावं लागतं असं त्यांना वाटलं नाही.

२०२३ च्या मार्चमध्ये जी-२० मधली सी-२०, म्हणजे नागरी संस्थांची परिषद नागपुरात झाली, तेव्हा शहर किती सजलं होतं! भिंती रंगल्या, झाडांवर दिवे लागले. मलाही ते आवडलं होतं. पण पाहुणे तीन दिवसांनी गेले. आमच्याकडची मुलं चार-चार, पाच-पाच वर्षं राहतात. त्यांना रोषणाईपेक्षा शेजार लागतो.

माझं मागणं फार नाही. वर्षाचा मोठा मेळावा खुशाल करा, पण दर महिन्याला एक छोटी बैठक असू द्या, कर्मचाऱ्यांची, त्यांच्या घरच्यांची आणि परदेशातून आलेल्या मंडळींची. कंत्राटी सफाई कामगार आणि सुरक्षारक्षक त्यात धरलेच पाहिजेत, कारण विद्यापीठात सगळ्यात जास्त वेळ तेच असतात. ड्यूटी कुणालाच लावायची नाही, सतरंजी ज्यानं त्यानं उचलायची. वेळ ऑफिस सुटल्यानंतरची ठेवा, आणि मार्च एंडिंगला किंवा परीक्षेच्या ऐन धामधुमीत ठेवू नका, तेव्हा आम्ही जेवायलाही उठत नाही. रमजानमध्ये ठेवलीत तर सूर्यास्त बघून ठेवा. वर्गणी काढायची तर पगाराप्रमाणे काढा. मे महिन्यात ४५ डिग्रीत कुणी अंगणात बसणार नाही, तेव्हा हॉल लागेल.

कुलसचिवांना मी तसं निवेदन दिलं आहे. निधी मागितलेला नाही. पहिल्या शनिवारी अतिथिगृहामागच्या हॉलची चावी आणि रात्री नऊपर्यंत दिवे, एवढंच मागितलं आहे. निवेदनावर १४ सह्या आहेत आणि पहिली सही काकूंची आहे. मी पेन पुढे केलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मॅडम, पयली माही चालन का?"

उत्तर अजून यायचं आहे. तोवर येत्या शनिवारी संध्याकाळी सहाला आम्ही क्वार्टरच्या अंगणातच जमतोय. अफगाण ताई सुक्यामेव्याचं हफ्त मेवा करून आणणार आहेत. पाटवडीचा रस्सा माझ्याकडे. काकूंचं मडकं मागच्या वेळी तडकलं, तेव्हा इतवारीकडून येणारं कुणी असेल तर एक मडकं घेऊन या. मोठ्या बुडाचं बघा, छोट्यावर रोटी बसत नाही.