‘सॉफ्टवेअर लावा, लेकरू बोलेल’ या मेसेजबद्दल खुलासा

परभणी, हिंगोली, नांदेडकडच्या पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘प्राट’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाका, लेकराला समोर बसवा, थेरपिस्टकडं न जाता ते बोलायला लागेल. यातलं ‘फुकट’ तेवढं खरं आहे.

प्राट हे अॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी आवाजाच्या अभ्यासासाठी बनवलंय. वाचा-उपचाराच्या कामात मी ते वापरते. ते आवाजाचं चित्र दाखवतं, इतकंच. ‘स’ म्हटलं की पडद्यावर वरच्या बाजूला, साधारण 4000 हर्ट्झच्या वर, गडद पट्टा उमटतो; ‘श’ म्हटलं की तो खाली उतरतो. कमी ऐकू येणाऱ्या लेकराला हा फरक डोळ्यांनी कळतो, हे मोलाचं आहेच. पण पट्टा चुकला तर जीभ कुठं न्यायची, हे सॉफ्टवेअर सांगत नाही. ते शेजारी बसून, आरसा धरून दाखवावं लागतं. शिवाय पंख्याची घरघरही त्या चित्रात उतरते (आणि आपल्याकडं मे महिन्यात पंखा बंद करणार कोण?).

लेकरू उशिरा बोलत असेल तर आधी कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंत तपासणी मोफत आहे. अंगणवाडीत किंवा शाळेत पथक आलं की सांगा.

तो मेसेज कृपया पुढं पाठवू नका. आणि तो वाचून कुणी चालू थेरपी थांबवली असेल, तर ती आधी सुरू करा.