पेटाबिटचा विक्रम आणि गल्लीत तुटलेली केबल

जुलै २०२५ मध्ये एकाच दिवसात तीन वेगवेगळ्या ग्रुपवर मला तोच फॉरवर्ड आला. जपाननं इंटरनेटच्या वेगाचा जागतिक विक्रम केला, सेकंदाला १.०२ पेटाबिट, म्हणजे १,२७,५०० जीबी, भारताच्या सरासरी वेगाच्या एक कोटी साठ लाख पट. घरच्या ग्रुपवर त्याखाली दादानं लिहिलं, "तुमची मजा आहे बुवा." मामांनी लिहिलं, "आणि आपल्याकडे पावसाचे चार थेंब पडले की नेट गायब." लगेच एका चुलतभावानं त्यांना अडवलं, आपल्याइतका स्वस्त डेटा दुसरीकडे कुठे मिळतो ते आधी सांगा म्हणाला. मावशीचा प्रश्न वेगळाच होता. एवढा वेग हवाय कशाला, माणसं आधीच फोनमधून डोकं वर काढत नाहीत. रात्रीपर्यंत विषय विक्रमावरून देशप्रेमावर गेला आणि कोण कुणाला काय बोललं यावर येऊन थांबला.

मी तेरा वर्षं जपानमध्ये आहे आणि काम नेटवर्कचंच करते. त्या रात्री ग्रुपवर उत्तर लिहायला घेतलं, दोनदा खोडलं. सगळेच थोडे थोडे बरोबर होते आणि सगळे मिळून एका चुकीच्या तुलनेवर भांडत होते.

आधी विक्रम काय होता ते सांगते. एनआयसीटी ही जपानची सरकारी संशोधन संस्था आणि सुमितोमो इलेक्ट्रिक ही फायबर, म्हणजे प्रकाशातून माहिती नेणारे काचेचे धागे, बनवणारी कंपनी, यांनी मिळून एकाच काचेच्या धाग्यात १९ गाभे बसवले. नेहमीच्या फायबरला प्रकाश नेणारा गाभा एकच असतो. इथे १९, तरी धाग्याची बाहेरची जाडी नेहमीइतकीच, ०.१२५ मिलिमीटर. हे गाभे इतके जवळ असतात की एकातला प्रकाश दुसऱ्यात मिसळतो, आणि पलीकडच्या टोकाला ती सगळी सरमिसळ गणितानं पुन्हा वेगळी करावी लागते. संदेश ८६.१ किलोमीटरच्या धाग्यातून २१ वेळा फिरवला, म्हणून अंतर भरलं १८०८ किलोमीटर. एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत हे काम मांडलं गेलं. बातमी आपल्यापर्यंत जुलैत पोचली, आणि पोचेपर्यंत प्रयोगशाळेतला धागा "जपानचं इंटरनेट" होऊन बसला होता.

माझ्या मते सगळा घोळ या एका शब्दबदलातून झाला. एका धाग्यातून सेकंदाला किती माहिती वाहून नेता येते, त्याचा हा विक्रम आहे. प्रकाश काही जास्त जोरात धावला नाही. काचेतून तो सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, या प्रयोगातही तसाच गेला. आणि कुणाच्या घरच्या जोडणीशी तर त्याचा काहीच संबंध नव्हता. धरणाच्या कालव्यातून किती पाणी वाहतं याची तुलना आपण स्वयंपाकघरातल्या नळाशी केली आणि नळाची लाज वाटून घेतली. याच आकड्याकडे दुसऱ्या बाजूनं पाहा. १.०२ पेटाबिट म्हणजे १०० एमबीपीएसच्या एक कोटी जोडण्या, सगळ्या एकाच क्षणी पूर्ण वेगानं चालू, आणि केसाएवढ्या एका धाग्यातून. मला स्वतःला हे वाक्य एक कोटी साठ लाख पटीपेक्षा कितीतरी जास्त थरारक वाटतं. ते फॉरवर्ड झालं नाही, कारण त्यात कुणाला कमी लेखता येत नाही.

आता दादाच्या "मजा आहे"बद्दल. इथल्या माझ्या पहिल्या घरात पाच वर्षं मला १०० एमबीपीएसच्या वर काही मिळालं नाही. फायबर इमारतीच्या तळमजल्यावरच्या पेटीपर्यंत यायचं आणि तिथून वर चौथ्या मजल्यापर्यंत जुन्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून. इथल्या कित्येक जुन्या इमारतींत हीच रचना आहे. बदलायची तर घरमालकांच्या मंडळाची संमती लागते. म्हाताऱ्या सभासदांना इमारतीच्या भिंतीत नवी भोकं नको होती आणि मला त्यांचं म्हणणं कळतही होतं. रात्री नऊनंतर बाबांशी व्हिडिओवर बोलताना चित्र थिजायचं. ते म्हणायचे, "आमच्याकडचं नेट खराब असेल." कित्येकदा खराब माझ्याकडचं असायचं.

म्हणजे जपान मागासलेला आहे असं मी अजिबात म्हणत नाही. २००१ पासून इथे घरोघरी फायबर द्यायला सुरुवात झाली आणि आज ९९ टक्क्यांहून अधिक घरांना ते घेता येतं, डोंगरातल्या गावांतही. पण मला हेवा वाटतो तो वेगळ्याच गोष्टींचा. इथे रस्त्यावरच्या प्रत्येक खांबावर क्रमांकाची पट्टी असते. वादळात तार लोंबकळताना दिसली तर फोन करून तो क्रमांक सांगायचा, पुढचं ते बघतात. २०२२ साली इथल्या संसदेनं दूरसंचार कायद्यात दुरुस्ती केली आणि घरातल्या ब्रॉडबँडला मूलभूत सेवेचा दर्जा दिला. जिथे कंपनीला परवडत नाही तिथलं जाळं चालू राहावं म्हणून आधाराची तरतूद केली. ज्या गावात चाळीस घरं उरलीत आणि त्यातल्या तीस घरांत सत्तरीपुढची माणसं आहेत, तिथली तार कोण सांभाळणार, हा प्रश्न त्यांनी कायद्यात लिहून घेतला. या बातमीचा एकही फॉरवर्ड मला आला नव्हता.

मावशीच्या "कशाला हवाय" या प्रश्नावर हसणारे माझ्या क्षेत्रात खूप आहेत. मी हसत नाही, कारण प्रश्न प्रामाणिक आहे. एका घराला पेटाबिट कधीच लागणार नाही. पण १९८८ साली अटलांटिकखालून पहिली फायबर केबल टाकली, टीएटी-८, तेव्हा तिच्यातून एका वेळी ४०,००० फोन होतील हेही अफाटच वाटलं होतं. काही वर्षांतच ती अपुरी पडू लागली. त्याआधी, १९६६ मध्ये, चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम या संशोधकांनी मांडलं की काच पुरेशी शुद्ध केली तर एक किलोमीटरनंतर निदान एक टक्का प्रकाश तरी शिल्लक राहील आणि तेवढ्यावर संदेश पाठवता येतील. तेव्हाच्या काचेत तोही उरत नव्हता. आज एक टक्का उरतो तो शंभर किलोमीटरनंतर. ही शंभर पट सुधारणा झाली तेव्हा कुणाच्याही घरात कुणी तिची मागणी केली नव्हती. काओंना त्यासाठी २००९ मध्ये नोबेल मिळालं. आणि हो, नरिंदरसिंग कपानी यांचं नाव घेणारा एक संदेशही ग्रुपवर आला होता, "फायबर तर आपल्याच माणसाचं." त्यांनी १९५४ मध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत काचेच्या धाग्यांच्या जुडीतून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं, 'फायबर ऑप्टिक्स' हे नावही त्यांचंच. अभिमान वाटायलाच हवा. फक्त त्या अभिमानानं मामांच्या तक्रारीचं उत्तर मिळत नाही.

मामांची तक्रार मला स्वतःला भोगायला मिळाली. ऑगस्टमध्ये मी गावी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी घरातल्या वायफायच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकायला लागला. गल्लीच्या तोंडाशी पाण्याच्या पाइपसाठी जेसीबी लावला होता, त्यानं केबल ओढून काढली होती. कंपनीच्या ॲपवर तक्रार टाकली. दुसऱ्या दिवशी तिथे "तक्रार सोडवली" असं दिसायला लागलं, दिवा लालच. पुन्हा टाकली. बाबांची गोळ्यांची नोंद, आईचं डॉक्टरांशी बोलणं, शेजारच्या मुलीचा अभ्यास, सगळं दादाच्या एका फोनच्या हॉटस्पॉटवर आलं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी एक विशीतला मुलगा मोटरसायकलवरून आला. पाऊस भुरभुरत होता. त्यानं पोतं अंथरलं, दादानं त्याच्यावर छत्री धरली आणि मी मोबाइलचा उजेड. त्यानं केबलची काळी साल काढली, आतला धागा उघडा केला, स्पिरिटच्या कपड्यानं पुसला, दोनदा. कटरमध्ये ठेवून टक् करून टोक सरळ तोडलं. उडालेला काचेचा तुकडा चिमटीत धरून एका छोट्या बाटलीत टाकला, पायात घुसला तर सापडत नाही म्हणाला. मग दोन्ही टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवली. पडद्यावर दोन जाड दांडे दिसत होते, मध्ये फट. बटण दाबलं, निळी ठिणगी पडली आणि दांडे एक झाले. खाली जोडात वाया जाणाऱ्या प्रकाशाचा आकडा आला, ०.०२. "लॉस काहीच नाही, ताई," तो म्हणाला. मशीन जपानी बनावटीचं होतं. पण इथे टोकियोत माझ्या घरी जो माणूस आला होता, त्याचा हात या मुलापेक्षा तसूभरही जास्त सफाईदार नव्हता, हे मी अगदी खात्रीनं सांगते.

जोड लावायला बारा मिनिटं लागली. उरलेले पाच दिवस कुठे गेले, ते मी त्याला विचारलं. त्याच्याकडे तेवीस गावं आहेत. केबल कुठून कुठे जाते याचा नकाशा कुणाकडेच नाही. ज्यानं टाकली तो ठेकेदार सोडून गेला. म्हणून तूट शोधायची तर लोकांना विचारत हिंडायचं आणि लाल प्रकाशाचा पेन लावून कुठून उजेड बाहेर पडतो ते अंधार पडल्यावर बघायचं. त्याला पैसे जोडामागे मिळतात, शोधण्याचे नाहीत.

म्हणून मला वाटतं, आपली चर्चा वेगावरून हलवून इथे आणायला हवी. भारतनेटचंच पाहा. २०११ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेतून दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायतींपर्यंत फायबर पोचलं. हे काम लहान नाही, जपानच्या आकाराच्या देशांना त्याची कल्पनाही यायची नाही. पण आधीची रचना मुख्यतः एका सरळ रेषेत होती. मध्ये एका ठिकाणी केबल तुटली की पुढची सगळी गावं बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं सुधारित योजना मंजूर केली. तिच्यात रिंग आली, म्हणजे एका बाजूनं तुटलं तर माहिती उलट्या बाजूनं फिरून पोचते, आणि दहा वर्षांच्या देखभालीची जबाबदारीही करारातच घातली. केंद्राच्या दूरसंचार विभागानं जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केली. त्याच वर्षी मार्चमध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आलं, खणण्याआधी खाली कुणाची केबल आहे ते विचारण्यासाठी. आमच्या गल्लीतल्या जेसीबीवाल्यानं त्याचं नावही ऐकलं नव्हतं, आणि त्याला ठेका देणाऱ्यांनीही नाही.

या गोष्टींवर आपण का भांडत नाही? रिंग झाली का, कुठल्या तालुक्यात झाली, देखभालीचा माणूस किती गावांना एक, यावर दोन दिवस ग्रुप पेटला असता तर मी आनंदानं जागत बसले असते. सप्टेंबरमध्ये तांबड्या समुद्रात केबल तुटल्या, भारतातलं इंटरनेट काही ठिकाणी मंदावलं. तेव्हा सगळे गप्प होते. केबल दुरुस्त करणारं जहाज कुठून येतं, त्याला परवानगी मिळायला किती वेळ लागतो, हे आपल्या रोजच्या आयुष्याचे प्रश्न आहेत. विक्रम लांबून बघायचा असतो, म्हणून त्याबद्दल बोलणं सोपं जातं.

यात आम्हा बाहेर राहणाऱ्यांचाही वाटा आहे, हे मान्य करते. आम्ही घरी सांगतो ते वेळेवर येणाऱ्या गाड्यांबद्दल. खांबावरच्या पट्टीबद्दल, घरमालकांच्या मंडळाच्या रटाळ बैठकांबद्दल, दुरुस्तीच्या नोंदवहीबद्दल सांगत नाही. मग तिकडे असं वाटतं की इथे सगळं आपोआप होतं, आणि तिकडचं काही केल्या होणारच नाही.

त्या रात्री दिवा हिरवा झाल्यावर दादानं त्या मुलाला चहासाठी थांबवलं आणि कोऱ्या वहीवर त्याच्याकडून गल्लीतल्या केबलचा नकाशा काढून घेतला. दुसऱ्या दिवशी दोघं शेवटच्या खांबापर्यंत चालत गेले, पावलं मोजत. अकरा जोड निघाले, प्रत्येकाजवळची खूण दादानं लिहिली, कडुनिंब, हापसा, शाळेचं मागचं फाटक. त्या पानाचा फोटो ग्रुपवर आला तेव्हा मामांनी लगेच त्यांच्या वाडीची केबल कुठून जाते ते विचारलं. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत दादानं पान दाखवलं आणि रस्ता खणण्याआधी एक दिवस कळवायचा ठराव मांडला. ठराव झालाय. पानाची एक प्रत पाण्याच्या ठेकेदाराला दिली आहे, एक त्या मुलाच्या मोटरसायकलच्या डिकीत असते.