भीती पायात उतरते तेव्हा

आमच्या गावातली एक पोरगी. नाव लिहीत नाही, कारण तिची पुढची भरती अजून व्हायची आहे. झेडपी शाळेच्या मैदानावर आठशे मीटर ती २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत मारायची. एकदा-दोनदा नाही, आठवड्यातून तीन-तीन वेळा. पोरांच्या भाषेत 'आउट ऑफ', म्हणजे पूर्ण मार्क. मोबाईलवर टाइम मीच लावत होतो, म्हणून खात्रीनं सांगतो. पोलीस भरतीच्या ग्राउंडवर त्याच पोरीला साडेतीन मिनिटं लागली.

संध्याकाळी एसटीतून उतरली तेव्हा डोळे सुजलेले. म्हणाली, "भाऊ, चेस्ट नंबरची पिनच लागत नोती. बोटं अशी थंडी पडली होती. पयला राऊंड लय जोरात मारला, समजलंच नाही. मंग पाय माहे रायलेच नाही."

दुसऱ्या दिवशी पारावर निकाल लागला होता. "पोरगी मनाची कच्ची हाय."

हे वाक्य मला सहन होत नाही. पहाटे साडेचारला अंधारात उठून, धुऱ्यावरून मैदान गाठून, दोन वर्षं पळणारी पोरगी मनाची कच्ची कशी? तिचं मन कच्चं नव्हतं. भीतीचं काय करायचं हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. आणि ते शिकवायला पाहिजे होतं मी.

आपल्या भाषेला हे कधीचं ठाऊक आहे. पोटात गोळा येतो, तोंडाला कोरड पडते, हातपाय गळतात, छातीत धडधडतं. भीती आपण शरीरातच सांगतो आणि उपाय मात्र एवढाच करतो, "घाबरू नको गा!" धोका दिसला की शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं. हृदय जोरात चालतं, रक्त आतड्यांकडून मोठ्या स्नायूंकडे वळतं, बोटं गार पडतात. पिन लागत नव्हती ती यामुळे. त्या जोरावर पहिले दोनशे मीटर फुकटचे वाटतात. खांदे कानाशी आलेले, मुठी आवळलेल्या, श्वास नुसता वरच्या छातीतून. पुढं पुरवायची ताकद पहिल्याच राऊंडमध्ये संपते. सुरू होण्याआधीच कोणी धापा टाकत उभा असेल, तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. पोराला वाटतं आपल्याला चक्कर येते. मग त्या चक्करेची वेगळी भीती.

लेखीत हाल याहून वाईट. ९० मिनिटांत १०० प्रश्न. काळ-काम-वेगाचं गणित सोडवताना दोन-तीन आकडे डोक्यात धरून ठेवावे लागतात. तेवढ्याच जागेत "नापास झालो तर बाबा काय म्हणतील" हे येऊन बसलं, की आकडे बाहेर पडतात. एकच प्रश्न तीनदा वाचूनही समजत नाही, हे माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक पोरानं सांगितलं आहे. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केला होता. काम सोपं असेल तर धाक वाढवलेला चालतो, काम अवघड असेल तर जास्त धाकानं शिकणं बिघडतं, असं त्यात दिसलं. उंदीर आणि माणूस एक नाही, पण धाक दाखवून गणित शिकवणाऱ्या प्रत्येकानं हे ध्यानात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

पोरांना मी सिमोन बाइल्सचं सांगतो. जगातली सर्वात मोठी जिम्नॅस्ट. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तिला हवेत अडीच गिरक्या घ्यायच्या होत्या, दीडच झाल्या. आपण हवेत कुठं आहोत हेच तिला कळेना. तिनं माघार घेतली, लोक वाट्टेल ते बोलले. २०२४ ला पॅरिसमध्ये तिनं तीन सुवर्णपदकं घेतली. तिला कच्ची म्हणायची कोणाची छाती आहे?

आता माझी चूक. भरतीच्या आदल्या रात्री मी त्या पोरीला फोन केला होता. "माय, यंदा व्हायलाच पाहिजे. बाबांनी सोयाबीन विकून अकॅडमीची फी भरली, ध्यानात ठेव." मला वाटलं, जोश येईल. तिच्या बाबांनी, मामांनी, काकूंनीही त्याच रात्री हेच सांगितलं. एका पोरीच्या पायावर आम्ही अख्खा हंगाम ठेवला आणि वर म्हटलं, पळ.

मायबाप हो, आदल्या रात्री असे फोन करू नका. "जेवली का, झोप आता" एवढंच बोला.

दिवाळीनंतर मी मैदानावर दोन-तीन गोष्टी बदलल्या. सुरुवातीच्या रेषेवर सोडलेला श्वास घेतलेल्या श्वासापेक्षा लांब, असे दहा श्वास. पहिला राऊंड ठरलेल्या सेकंदांच्या आत मारला तर शाबासकी नाही, परत पळायचं. सराव पेपरच्या आधी दहा मिनिटं मनातली सगळी भीती कागदावर लिहायची, मग कागद फाडायचा. परीक्षेआधी असं लिहिल्यानं घाबरणाऱ्या मुलांचे मार्क वाढल्याचं २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं होतं. आमच्यातला एक पोट्टा पहिल्या दिवशी एकच ओळ लिहून रडला. मी ती वाचली नाही.

ज्याची झोप महिनोन्‌महिने उडाली आहे, जेवण जात नाही, जगणंच नकोसं वाटतं, त्याचं काम माझ्या दहा श्वासांनी होणार नाही. त्यानं डॉक्टर गाठावा, किंवा १४४१६ वर फोन करावा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट, रात्रीबेरात्रीही, मराठीत बोलता येतं.

येत्या रविवारी सकाळी सहाला शाळेच्या मैदानावर खोटी भरती आहे. चेस्ट नंबर, रांग, शिट्टी, सगळं खऱ्यासारखं. मला अनोळखी माणसं पाहिजेत, शेजारच्या गावांतून या, कठड्याला उभे राहून गलका करा. ती पोरगीही येणार आहे. काल घरी येऊन सेफ्टी पिनांचा पुडा घेऊन गेली, म्हणे घरी लावून पाहतो.