‘आय फील बॅड’ म्हणजे ‘मला वाईट वाटलं’ नव्हे

मागच्या आठवड्यात क्लास सुटायच्या वेळेला एक जुनी विद्यार्थिनी आली. उमरेडकडची मुलगी, बारावीपर्यंत मराठी माध्यम, आता नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रातल्या एका कंपनीत लागली आहे. दारातच म्हणाली, “मॅडम, माह्यं काही चुकलंच नव्हतं, अन् सगळे मलेच बोलून राहिले.” पुढे तिला बोलता येईना. पाणी दिलं, कूलरसमोर बसवलं, तेव्हा कुठे तिनं मोबाइल पुढे केला.

दुसऱ्याच कोणाच्या चुकीवरून साहेबांनी तिला चारचौघांत झापलं होतं. रात्रभर विचार करून, धीर एकवटून तिनं मेल लिहिला. त्यात हे वाक्य होतं: ‘आय फील व्हेरी बॅड अबाउट व्हॉट हॅपन्ड.’ तिला म्हणायचं होतं, जे झालं ते माझ्या मनाला फार लागलं. साहेबांनी त्याचा अर्थ घेतला, जे झालं त्याचा मला पस्तावा होतोय. उत्तर आलं की चूक मान्य केलीस हे बरं झालं, पुढे काळजी घे.

त्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. वाईट म्हणजे बॅड, वाटणे म्हणजे फील, हे आपणच तिला शाळेत शिकवलं. पण इंग्रजीत ‘फील बॅड अबाउट’ ही जोडी बहुतेक वेळा अपराधीपणाची असते, नाहीतर दुसऱ्याबद्दलच्या हळहळीची. स्वतःच्या जिव्हारी लागलेल्या बोलासाठी तिथे ‘हर्ट’ लागतो, आणि फारच लागलं असेल तर त्याच्या सोबतीला ‘डीपली’.

मी नागपुरात सक्करदऱ्याला १६ वर्षं इंग्रजी शिकवते आहे आणि या बाबतीत माझं मत आता पक्कं झालंय. भावनांचे शब्द सुटे सुटे पाठ करून घेणं बंद केलं पाहिजे. सॅड म्हणजे दुःखी, अँग्री म्हणजे रागावलेला, अशा याद्या मुलं घोकतात. मग राग असो की आनंद, प्रत्येकापुढे ‘व्हेरी’ लावतात, फारच झालं तर ‘व्हेरी व्हेरी’. इंग्रजी बोलणारा माणूस मात्र निराश झाला की ‘बिटरली डिसअपॉइंटेड’ असतो, ऋणी असला की ‘डीपली ग्रेटफुल’. रडू फुटलं की तो ‘बर्स्ट्स इन्टू टीअर्स’. ‘बिटरली ग्रेटफुल’ कोणी म्हणत नाही. का, याला नियम नाही. तशी सोबत पडून गेली आहे, एवढंच.

हे आपल्याला नवीन आहे का? माणूस गेला की आपण भावपूर्ण श्रद्धांजली वाहतो, वाढदिवसाला हार्दिक शुभेच्छा देतो. कोणी ‘हार्दिक श्रद्धांजली’ लिहिलं तर सहावीतलं पोरगंही थबकेल. रडणं ढसाढसा, हसणं खळखळून. रागाचंच बघा. तो येतो, चढतो, अनावर होतो, कोणावर तरी निघतो, एखादा तो मनात धरून ठेवतो, एखादा गिळतो, आणि शेवटी तो निवळतो. हे आपल्याला कोणी फळ्यावर लिहून शिकवलं नाही. आजीच्या बोलण्यातून, आईच्या ओरडण्यातून ते कानात बसलं. इंग्रजी आमच्या मुलांच्या कानावर असं पडत नाही. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, पण ते पुस्तकातून येतं, घरातून नाही. म्हणून ही सोबत त्यांना मुद्दाम शिकवावी लागते.

या सोबतीला भाषाशास्त्रात ‘कोलोकेशन’ म्हणतात. ती संज्ञा भाषाशास्त्रात रुजवणारे जे. आर. फर्थ १९१९ ते १९२८ लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. शब्द कळतो तो त्याच्या संगतीवरून, असं त्यांनी १९५७ मध्ये मांडलं. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही पण गुण लागतो, हे आपल्याकडे शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. ‘फील’ आणि ‘बॅड’ एका दावणीला आले आणि त्यांना अपराधाचा गुण लागला.

उलटा घोळही होतो. ‘ही लॉस्ट हिज टेम्पर’ याचा अर्थ मी दर बॅचला विचारते. टेम्पर म्हणजे राग आणि लॉस्ट म्हणजे हरवला, तेव्हा त्याचा राग गेला, तो शांत झाला, असं निम्मा वर्ग सांगतो. त्यांचा हिशेब बरोबरच आहे. इथला ‘टेम्पर’ म्हणजे मनाचा तोल, मूळ लॅटिन शब्द योग्य प्रमाणात मिसळण्याचा. तो तोल गेला म्हणजे माणूस भडकला. एकदा ‘तोल सुटला’ असं सांगितलं की पुन्हा समजवावं लागत नाही.

म्हणून मी आता आधी मराठी काढून घेते. “तुले नेमकं काय झालं, घरी सांगतो तसं सांग.” कोणी म्हणतं भेव लागून राहिलं, कोणाचं डोकं सटकलेलं असतं, कोणाचा जीव नुसता कासावीस. मग त्या भावनेला इंग्रजीत कोणाची सोबत आहे ते आम्ही मिळून शोधतो. वेळ जातो. तासाला दोन-तीन जोड्या होतात, आणि त्यावर पालक कुरकुर करतात की बाजूच्या क्लासमध्ये रोज ५० शब्द देतात. मला ते ५० नकोत. आपल्यावर अन्याय झाला हे ज्या पोरीला सांगता येत नाही, तिला त्या शब्दांचा काय उपयोग?

त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी मेल पुन्हा लिहिला. ‘आय वॉज डीपली हर्ट’ असं सुरू केलं आणि दुसऱ्याच्या चुकीसाठी सगळ्यांसमोर मला बोल लावला गेला, हे पुढे स्पष्ट लिहिलं. तिनं दोनदा मोठ्यानं वाचलं. “हेच म्हणायचं होतं मले.”

मग जरा थांबून तिनं विचारलं, “मॅडम, त्या दिवशी मी राग गिळला, ते कसं म्हणायचं?”

“आय स्वॉलोड माय अँगर. इथे जोडी अगदी आपल्यासारखीच आहे.”

ते वाक्य मेलमध्ये गेलं नाही. तिनं ते वहीत उतरवून घेतलं.